मावळा हलला म्हणून काय बिघडलं?

दिवाळीत आमच्या घोटावडे गावात किल्ले होतात आणि किल्ल्यांवरून वादही होतात. कुणाचा बुरूज उंच, कुणी मातीऐवजी सिमेंट वापरलं, कुणी खंदकात मोटर लावून पाणी फिरवलं, असले ते वाद. या खेपेचा वाद निराळा होता. आमच्या आळीतल्या पोरांनी पोती, विटा आणि शेतातली माती घेऊन किल्ला उभारला, अळीव पेरले, बाजारातून आणलेली चित्रं मांडली. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. मग त्यांनी मावळे हलवायला सुरुवात केली. एकाच्या हातात मोजपट्टी, दुसऱ्याच्या हातात फासे, तिसऱ्याच्या मांडीवर नियमांची वही. ती वही तयार करण्यात माझाही हात होता, तेव्हा पुढचं लिखाण त्रयस्थाचं नाही हे आधीच सांगितलेलं बरं.

गावातल्या एका जाणत्या काकांना हे खटकलं. काका स्वतः गड चढतात, तरुणांना घेऊन टाक्यांतला गाळ उपसायला जातात, त्यांच्या शिवप्रेमाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्यांचं म्हणणं असं, की महाराजांच्या लढाया हा श्रद्धेचा विषय आहे आणि त्यावर फासे टाकणं म्हणजे इतिहासाचा जुगार मांडणं. शिवाय हे खूळ विलायतेचं. तिकडचे लोक आपापल्या जुन्या लढाया टेबलावर खेळतात, त्यांना खेळू द्या, आपला त्याच्याशी काय संबंध? आणि शेवटचं, सगळ्यांत वजनदार: गनिमी कावा नियमांत बसत नाही आणि मावळ्याच्या निष्ठेला गुण देता येत नाहीत. हे त्यांनी आधी ओट्यावर आणि मग मंडळाच्या बैठकीत सांगितलं. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्यांतल्या कितीजणांनी खेळ पाहिला होता ते मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

आधी फासे. जुगारात पैसा लागतो, इथे दाणासुद्धा लागत नाही. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. सेनापतीने योजना आखली की ती जशीच्या तशी पार पडते, असा ज्याचा समज असेल त्याला फासा नको वाटणारच. प्रत्यक्षात धुकं पडतं, घोडा ठेचकाळतो, निरोप घेऊन गेलेला हरकारा पोचत नाही, तोफेची दारू ओली होते. पटावर या सगळ्याची जागा फासा घेतो. फासा काढून टाकला तर उरते ती भाकडकथा, जिच्यात आपली माणसं कधी थकत नाहीत आणि शत्रू कधी शहाणा नसतो.

आपल्या बाजूने पडलेला फासा तेवढा खरा आणि विरुद्ध पडला की पुन्हा टाक, ही सवय मोठमोठ्यांना भोवली आहे. १९४२ च्या मे महिन्यात जपानी आरमाराने मिडवेच्या मोहिमेची पटावर तालीम केली. पंचाच्या फाशाप्रमाणे ‘आकागी’ आणि ‘कागा’ ही दोन विमानवाहू जहाजं बुडाली. अ‍ॅडमिरल उगाकींना ते मानवलं नाही. त्यांनी बसलेल्या बाँबची संख्या कमी करायला लावली, ‘आकागी’ वाचली, आणि बुडालेली ‘कागा’ही पुढच्या डावात परत तरंगू लागली. पुढच्याच महिन्यात मिडवेला जपानची चार विमानवाहू जहाजं खरोखर बुडाली. फुचिदा या जपानी वैमानिक-अधिकाऱ्याने हे लिहून ठेवलं आहे. उगाकींचं देशप्रेम काही कमी नव्हतं.

आणि खेळाने मोठ्या माणसांचा अपमान होतो, असं त्या मोठ्या माणसांच्या काळात तरी कुणाला वाटत होतं का? १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाच्या सुमाराला व्हेनिसचा निकोलाओ मनुची मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत तोफखान्यावर होता. तो सांगतो, की एका रात्री मिर्झाराजे, त्यांचा ब्राह्मण आणि आपण पत्ते खेळत बसलो असताना शिवाजी महाराज आत आले आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. मनुचीला तिखटमीठ लावायची हौस होती, हे मान्य. पण मोगल सेनापतीच्या तंबूत पत्त्यांचा डाव मांडलेला असे, हे सांगताना त्याला त्यात काही गैर वाटलेलं दिसत नाही.

आता परकेपणाचा मुद्दा. कथलाच्या, शिशाच्या सैनिकांशी नियम लावून खेळण्याची आजची रीत युरोपातून आली, यात वाद नाही. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झचा युद्धपट १८२४ च्या सुमाराला रुजला, आणि एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून तो घरच्या जमिनीवर आणला. पुढे इंग्लंडात या छंदाने चांगलंच बाळसं धरलं. कोणत्या काळात कोणतं सैन्य कसं लढायचं याची पुस्तकं निघाली, सैन्यांच्या याद्या निघाल्या. त्यात ‘रेनेसाँ’ नावाचा एक मोठा कप्पा आहे. फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांच्या नियमावलीत तो १४९४ ला सुरू होतो आणि १७०० ला संपतो. १४९४ ला फ्रान्सचा आठवा चार्ल्स गाड्यांवर तोफा घेऊन इटलीत उतरला, म्हणून तिथून सुरुवात.

काका म्हणतात, यात आपलं काय? मी म्हणतो, निम्मं तरी आपलंच आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी याने ‘मलिक-ए-मैदान’ तोफ ओतली. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून विजापूरला गेली. तोफ ओतणाऱ्याच्या नावातला ‘रूमी’, म्हणजे तुर्कस्तानचा, हा शब्द बघा, म्हणजे दख्खनचा तोफखाना कुणाकडून शिकत होता ते कळेल. १५९५-९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरच्या तटाखाली सुरुंग खणले, आतल्या लोकांनी त्यांतले काही हुडकून निकामी केले, एक उडाला आणि तट कोसळला, तेव्हा चांदबिबीने ते खिंडार रातोरात बुजवून घेतलं. त्याच दशकात हॉलंडात ओरांजचा मॉरिस आपल्या बंदूकवाल्यांना कवायत शिकवत होता. वसईला आणि रेवदंड्याला पोर्तुगीजांनी बांधलेले कोनाकृती बुरूज हे तर त्या युगाचं चालतंबोलतं शिक्षण आहे. इटलीला जायची गरज नाही, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. १६२४ ला भातवडीला मलिक अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडलं, आणि त्या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी पडले. हा काळ परका म्हणायचा तर आपला कोणता?

खरी तक्रार करायची तर उलटी करायला हवी, आणि ती काकांनी केली असती तर मी त्यांच्या बाजूला जाऊन बसलो असतो. या छंदातलं एक गाजलेलं जुनं पुस्तक म्हणजे जॉर्ज गुशचं ‘रेनेसाँ आर्मीज’. त्याची मुदतच १४८० ते १६५० अशी. म्हणजे तोरणा हाती आल्यावर तीनचार वर्षांत दुकान बंद. आणि जिथे मराठे येतात तिथे बहुतेकदा एकच साचा: हलकं घोडदळ, शिस्त बेताची, आले, लुटलं, पळाले. हा साचा त्यांनी कुठून घेतला असेल? इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांतून, मोगलांच्या तवारिखांतून. आपण आपल्या कागदांचं सार त्यांच्यापुढे किंवा आपल्याच पोरांपुढे कधी ठेवलं? सभासदाची बखर प्रत्येक शिवभक्ताच्या कपाटात असते. तिच्यातला अफझलखान सगळ्यांना पाठ, पण लष्कराच्या रचनेचं पान कितीजण वाचतात?

ते पान म्हणजे खेळणाऱ्यासाठी घबाड आहे. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. मी हे वाचून दाखवलं तेव्हा पोरांना पंचहजारीचं कौतुक वाटलं नाही, नालबंदाचं वाटलं. आमच्या वहीत आता असा नियम आहे: घोडदळाची एक तुकडी म्हणजे पंचवीस घोडी, आणि घाटातल्या खडकाळ वाटेवर नालबंद सोबत नसेल तर तिची चाल निम्मी. हा नियम आठवीतल्या एका मुलीने सुचवला. सभासद पायदळाचेही आकडे देतो, एक लाख मावळे आणि त्याच्या जवळपास घोडदळ. आकडे फुगवलेले असतील. पण ‘मराठे म्हणजे नुसते स्वार’ हा साचा मोडायला तेवढं प्रमाण पुरतं.

गनिमी कावा नियमांत बसत नाही, असं काका म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बुद्धिबळासारखा पट असावा, जिथे दोघांनाही सगळं दिसतं. उंबरखिंड खेळताना तसं नसतं. २ फेब्रुवारी १६६१. मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोहगडाच्या दक्षिणेने कोकणात उतरू पाहतोय, सोबत रायबागन ही सरदारीण आहे. मराठ्यांच्या बाजूने खेळणारा आपली माणसं मांडतच नाही. कुठल्या झाडीत किती ते चिठ्ठीवर लिहून पंचाकडे देतो. मोगलांच्या बाजूच्या खेळाडूला फक्त अरुंद वाट दिसते आणि आपलीच लांबलचक रांग. आमच्याकडे हा डाव मांडला तेव्हा मोगल झालेला मुलगा फार हुशार निघाला, त्याने पुढे शंभर माणसं टेहळणीला धाडली. तरी अडकला. कारण टेहळणीची बातमी मागे पोचेपर्यंत रांगेचं शेपूट खिंडीत शिरलेलं होतं आणि बैल वळवायला जागा नव्हती. परमानंदाने ‘शिवभारता’त त्या रानातली कोंडी, पाण्याविना झालेला जीव सगळं वर्णन केलंय. ते वर्णन वाचून मुलांना शौर्य कळलं होतं. रांग वळवता येत नाही हे खेळताना कळलं.

आणि गनिमी कावा, गनिमी कावा करून आपण महाराजांच्या फौजेचं अर्धं कर्तृत्व स्वतःच झाकून टाकतो. १६७२ चा साल्हेर काय होता? मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर मोगलांना उघड्या मैदानावर भिडले, इखलासखान पकडला गेला, सूर्यराव काकडे जंबुरक्याचा गोळा लागून पडले. ती समोरासमोरची लढाई होती आणि ती आपण जिंकलो. कुणी लिहिलेल्या यादीत मराठ्यांना मैदानी लढाईत उणे गुण दिसले, तर रागावण्याऐवजी साल्हेर मांडून दाखवावा.

पुरंदरावर थोडं रेंगाळतो, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

दिवाळीच्या किल्ल्यावर पुरंदर कसा दिसतो? वर महाराज सिंहासनावर, खाली बुरुजाएवढा मुरारबाजी, त्याच्या बाजूला गवळण आणि ट्रॅक्टर. सगळे स्तब्ध. किल्ल्याच्या पायथ्याला पणत्या. आता तीच मोहीम पटावर मांडा. मार्च १६६५ मध्ये जयसिंग पुण्यात येतो, महिनाअखेरीला सासवडकडे सरकतो. त्याचा सरदार दिलेरखान पुरंदराला वेढा घालतो, पण आधी शेजारचा वज्रगड घ्यायला हवा, कारण तिथून पुरंदरचा माचीकडचा भाग तोफेच्या टप्प्यात येतो. त्यासाठी तोफा वर चढवायच्या. ‘अब्दुल्लाखान’ नावाची तोफ चढवायला तीन दिवस लागले, ‘फत्तेलष्कर’ला साडेतीन, मग ‘हहेली’. आमच्या पटावर या तोफा ओढणाऱ्या तुकडीला दुसरं काहीच करता येत नाही. मराठ्यांचा खेळाडू तेवढ्यात छापे घालतो, किंवा घालत नाही आणि पुढे पस्तावतो. एप्रिलच्या मध्याला वज्रगड पडला. जयसिंगाने तिथल्या शिबंदीला मारलं नाही, मानाने सोडून दिलं, म्हणजे पुरंदरावरच्यांनाही तसंच वाटावं. हा डाव ज्याने एकदा खेळला त्याला जयसिंग मूर्ख होता असं पुन्हा म्हणता येत नाही. शत्रूच्या डोक्याची किंमत कळली तरच त्याच्याशी झुंजणाऱ्याची कळते.

पण वेढा हा त्या मोहिमेचा निम्माच भाग. एप्रिलच्या शेवटी जयसिंगाने दाऊदखानाला फौज देऊन मुलूख जाळायला धाडलं. राजगड, रोहिड्याच्या भोवतालची गावं जळाली. मग लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग यांच्या पायथ्याची. तिकोना आपल्याला परका नाही. पौडहून कोळवणच्या अंगाने गेलं की तो समोर येतो. त्याच्या पायथ्याची माणसं म्हणजे आपल्यासारखीच, भात लावणारी, आणि ते दिवस मे महिन्याचे, पेरणीच्या तोंडावरचे. हे सगळं जयसिंगाच्या पत्रांत आहे. त्याच्या मुन्शीने, उदयराजाने, ती ‘हफ्त अंजुमन’मध्ये जमवून ठेवली, म्हणून आपल्याला कळतं. आमच्या पटावर ही गावं लाल बटणांनी दाखवली होती. एकेक बटण उचललं जाऊ लागलं तसा मराठ्यांच्या बाजूने खेळणारा मुलगा गप्प झाला. वज्रगड सोडला तर त्याचे गड सगळे शाबूत होते. गडांना धान्य पुरवणारी खोरी संपत चालली होती.

मला काकांना विचारायचं आहे: दिवाळीच्या किल्ल्यावर ही गावं कधी कुणी केली? गडाच्या खाली आपण शेत करतो, विहीर करतो, तिच्यावर रहाट बसवतो, पण जळतं घर कुणी करत नाही. मग पुरंदरचा तह झाला कसा, हे मुलाला कसं कळणार? त्याला वाटतं, मुरारबाजी पडला म्हणून. मुरारबाजी पडला हे खरंच. निवडक सातशे माणसं घेऊन हा पुरंदरचा किल्लेदार दिलेरच्या पठाणांवर तुटून पडला. पण ११ जूनला महाराज जयसिंगाला भेटायला गेले ते रयतेचा विचार करून गेले, असं तह शिकवताना आपण एका वाक्यात सांगतो. त्या एका वाक्यात काय काय होतं, ते बटणं उचलताना दिसतं.

याच धाग्यातली आणखी एक गोष्ट, चटकन सांगतो. चिपळूण भागातल्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र आपण रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी लक्षात ठेवलं आहे. त्या पत्राचा मोठा भाग वैरणीचा आहे. आत्ताच दाणावैरण उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. आगट्या, दिवे जपा, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल. युद्ध चालवणारा माणूस उंदराचा विचार करतो. आमच्या वहीत पावसाळ्याच्या फेरीत एक चिठ्ठी आहे, तिच्यावर फक्त ‘उंदीर’ लिहिलंय. ती निघाली की एका छावणीची वैरण जाते. पोरं तिला दिलेरखानापेक्षा जास्त घाबरतात.

निष्ठेला गुण देता येत नाहीत, हे काकांचं म्हणणं मात्र मला झटकून टाकता येत नाही. आम्ही ‘निर्धार’ म्हणून एक आकडा ठेवला आहे, आणि तो कितीही वाढवला तरी मुरारबाजीच्या सातशेंचा हल्ला पटावर होत नाही. खेळाडू हिशेब करतो आणि गडाच्या आत थांबतो. फेब्रुवारी १६७४ ची नेसरीही होत नाही. प्रतापराव सहा स्वार घेऊन विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर गेले, ते त्याआधी उमराणीला त्याला सोडून दिल्याबद्दल महाराजांचे शब्द लागले होते म्हणून. कुठलाही शहाणा खेळाडू सात घोडी तशी फेकणार नाही. तेव्हा खेळात सगळं मावतं असा माझा दावा नाही. एवढंच म्हणतो, की ज्याने हिशेब केला आहे त्यालाच हे सात जण हिशेबाबाहेर गेले म्हणजे काय, ते समजण्याची शक्यता जास्त. ज्याच्या मनात सगळेच मावळे सारखे अमर, त्याला प्रतापराव आणि बाकीचे यांत फरक कुठला?

हा खेळ लहान मुलांना हिंसा शिकवतो, असाही एक सूर बैठकीत निघाला. दिवाळीत सुतळी बाँब उडवणाऱ्या घरांतून तो निघाला, म्हणून सोडून देतो.

राहिला प्रश्न हरण्याचा. काकांचा सगळ्यांत दुखरा प्रश्न तोच होता, त्यांनी तो जरा हळू आवाजात विचारला: “आणि खेळात महाराज हरले तर?” काका, पुरंदरला ते हरलेच ना. तेवीस गड आणि चार लाख होनांचा मुलूख द्यावा लागला, हाती राहिले बारा. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, सिंहगड आणि पुरंदर दोन्ही परत आले, हे खरं. पण जून १६६५ मध्ये ते कुणालाच माहीत नव्हतं. तो काळोख पटावर आणल्याशिवाय १६७० चा उजेड कळायचा नाही.

म्हणून आमच्या खेळाचा शेवट फाशाने होत नाही, तहाने होतो. पस्तीस गडांच्या चिठ्ठ्या मराठ्यांच्या खेळाडूपुढे ठेवायच्या आणि म्हणायचं, तेवीस दे. राजगड, तोरणा, रायगड ठेवायचे यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुरंदर देताना पोरांच्या जिवावर येतं, मग लक्षात येतं की तो तसाही पडायला आला आहे. खरी हुज्जत घालतात ती आपल्या बाजूच्या दोन गडांवरून, तिकोना आणि कोरीगड. तिकोना द्यायचा की कोरी? एक म्हणतो, तिकोना दिला तर पवन मावळ उघडा पडेल. दुसरी म्हणते, कोरी कोकणच्या वाटेवर बसला आहे, उतरायला वाट हवी की नको? महाराजांनी तिकोना दिला आणि कोरी ठेवला. तिने तसाच निर्णय घेतला, पण कारण निराळं सांगितलं, आणि तिचं कारण बरोबर की चूक यावर काका तिच्याशी अर्धा तास भांडत होते.